कारण कोणाचं?

कर्वेनगरात आज जिथे महाविद्यालयांच्या इमारती, वसतिगृहं आणि मुलींच्या दुचाक्यांच्या रांगा दिसतात, तिथे 1900 साली हिंगणे बुद्रुक नावाच्या खेड्याचं माळरान होतं. पुण्यात प्लेगची दहशत होती. धोंडो केशव कर्वे यांनी चार वर्षांपूर्वी सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम शहराबाहेर, या माळावर हलवला. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. संस्थेने ती अजून जपली आहे. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि मग पायी हिंगण्याला जात, पावसाळ्यात चिखल तुडवत. एवढं पुण्यातल्या बहुतेकांना शाळेपासून माहीत असतं. त्या झोपडीच्या आसपास वावरलेल्या एका बाईविषयी मात्र फार कमी बोललं जातं. माणूस आपल्या वागण्याचा धनी नेमका केव्हा होतो, हा प्रश्न मनात घोळू लागला की मला कर्व्यांच्याही आधी तीच आठवते.

पार्वतीबाई आठवले. जन्म 1870 चा, कोकणातल्या देवरुखचा. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांची ही धाकटी बहीण. अकराव्या वर्षी लग्न झालं, विशीत वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. त्या काळच्या ब्राह्मण घरात पुढचं सगळं ठरलेलंच असे. केशवपन, अंगावर आलवण, एकवेळचं जेवण, आणि घरात मंगलकार्य निघालं की कोणाच्या समोर यायचं नाही. थोरली बहीण बाया तर बालविधवाच. पण ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि 11 मार्च 1893 रोजी पुण्यात तिने कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यापायी कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांना वाळीत टाकलं. म्हणजे रूढीची वाट आणि बंडाची वाट, दोन्ही पार्वतीबाईंना परक्या नव्हत्या. दोन्ही त्यांनी घरातच पाहिल्या होत्या.

त्यांनी त्यातली एकही जशीच्या तशी उचलली नाही. पुनर्विवाह करायचा नाही, हे त्यांनी ठरवलं. देवरुखच्या माजघरात जन्म काढायचा नाही, हेही ठरवलं. पुण्याला येऊन, पंचविशीच्या आसपास, लहान मुली शिकतात ते धडे घेऊन त्या बसल्या. पुढे आश्रमाच्या कामाला त्यांनी स्वतःला वाहून घेतलं, आणि गावोगाव हिंडून निधी जमवणं हे त्यांचं मोठं काम झालं. अनोळखी गावात उतरायचं, कोणाच्या तरी घरी मुक्काम मागायचा, बायकांना गोळा करायचं, विधवांना शिकवलं पाहिजे असं सांगायचं आणि झोळी पुढे करायची. हे सगळं त्या करत होत्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला ती चारचौघींसारखी सोवळी बाई दिसली असती.

आणि मग, अशी कितीतरी वर्षं गेल्यानंतर, त्यांनी स्वतःच्या विचाराने केशवपन बंद केलं. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

केशवपन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच प्रसंग येतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतरचे ते दिवस, आक्रोश करणारी कोवळी मुलगी, समोर बसलेला न्हावी. नाटक-सिनेमांनी तो प्रसंग आपल्या मनावर कोरला आहे. पण केस वाढतात. चार दिवसांत खुंट हाताला लागतात, महिन्या-पंधरवड्यात डोकं काळं दिसू लागतं. मग न्हाव्याला पुन्हा बोलावणं जातं. परसदारी किंवा मागच्या पडवीत, घरातली पुरुषमाणसं बाहेर पडली की, ती बाई पदर खाली घेऊन बसते आणि मान पुढे करते. म्हणजे ही एकदाच सोसून संपणारी शिक्षा नव्हती. ती आयुष्यभर, ठरावीक अंतराने, स्वतःहून जाऊन घ्यायची होती. पहिल्या खेपेला त्या मुलीचे हात धरलेले असतील. तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. पण पुढे? चाळिशीला आलेली, एकटीने मुलूख हिंडलेली, सभेत उभं राहून बोलणारी, संस्थेचा जमाखर्च कळणारी बाई जेव्हा त्या पडवीत बसते, तेव्हा तिचे हात कोणी धरलेले नसतात. वस्तरा तोच, मानही तीच. तरी त्या दोन कृती एक नव्हेत. मधल्या काळात त्या कृतीमागचं कारण पालटलेलं आहे.

सुरुवातीचं कारण रूढीचं होतं, घरच्यांचं होतं. पुढे ते कामाचं झालं असणार. जुन्या वळणाच्या घरात सोवळ्या बाईला थेट स्वयंपाकघरापर्यंत वाट असे. पुनर्विवाह केलेल्या माणसाने काढलेला आश्रम म्हणून हिंगण्याकडे लोक आधीच संशयाने पाहत होते. आपल्या विधवा लेकीसुनांना तिथे पाठवायचं तर पाठवणाऱ्याला धीर हवा होता. तो धीर पार्वतीबाईंच्या वेषाने दिला. सकेशा विधवा हीच गोष्ट सांगायला आली असती, तर तिला बहुधा उंबऱ्यावरूनच परतावं लागलं असतं. आणि मग तेही कारण एक दिवस पुरेनासं झालं. जी गोष्ट मला स्वतःला धर्म वाटत नाही ती मी का करते आहे, याचं समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी ती थांबवली. एखाद्या झटक्यात नव्हे, कोणाच्या आग्रहाने नव्हे. कर्व्यांचा आग्रह नव्हताच. ते असे आग्रह धरणारे गृहस्थ नव्हते.

माणसाच्या स्वातंत्र्याची खूण मला इथे दिसते. एखादी कृती रूढीविरुद्ध आहे की रूढीप्रमाणे, यावरून ती स्वतंत्र आहे का हे ठरत नाही. कारण संपल्यावर कृती थांबते का, हे पाहावं लागतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत ती थांबत नाही. कृती चालू राहते आणि तिला टेकू द्यायला नवी कारणं गोळा होतात. आज घरोघरच्या मोबाइलवर प्रत्येक जुन्या चालीचं 'शास्त्रीय कारण' येऊन पडतं; बांगड्यांचं, कुंकवाचं, उपासाचं, जोडव्यांचं. ज्यांनी त्या चाली पाळल्या त्यांच्या ध्यानीमनी ही कारणं नव्हती, आणि जे आज ती पुढे पाठवतात त्यांनीही त्या कारणांसाठी त्या चाली धरलेल्या नाहीत. चाल आधी, कारण मागाहून. अशा कारणाचा धनी कोणीच नसतो.

पुण्याच्याच इतिहासातली दोन विधुर माणसं यासाठी शेजारी शेजारी उभी करून पाहावीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी 1873 मध्ये वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढचे मोहरे. त्यांनी आता विधवेशी लग्न करून दाखवावं, अशी सुधारकांची अपेक्षा. नेमकी तीच वडिलांना धास्ती, म्हणून त्यांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि लग्न लावून दिलं. रानड्यांनी नकार देऊन पाहिला, मग मान तुकवली. वीस वर्षांनी कर्वे त्याच जागी उभे होते. त्यांचीही पहिली पत्नी वारलेली, त्यांचंही मत तेच. पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि तसं केलं.

इथवर हिशेब सरळ दिसतो, आणि रानड्यांचं 1873 चं वागणं मला आजही खटकतं. मत जाहीर, अभ्यास दांडगा, शब्दाला वजन. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा निर्णय दुसऱ्याचा. पण रानड्यांना त्या एका दिवसावरून निकालात काढणं मला जमत नाही. त्या अकरा वर्षांच्या रमेला त्यांनी लग्नानंतर लगेच पाटी-पेन्सिल दिली, घरातल्या बायकांचा जाच होत असतानाही शिकवत राहिले. तीच रमाबाई रानडे 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्यांत पुढे होती. स्वतःचा नसलेला निर्णय रानड्यांनी पुढच्या वागण्याने निदान काही प्रमाणात स्वतःचा केला.

रानड्यांचाच दुसरा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये, आजच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये, पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी एका व्याख्यानाला जमली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हातात धरला. जमवाजमव करणारे गोपाळराव जोशी यांनी मागाहून हजर असलेल्यांची नावं वृत्तपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री आले. बहिष्काराची टांगती तलवार सगळ्यांवर होती. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून शास्त्र्यांशी शास्त्रानेच वाद घातला. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांना धक्का बसला. रमाबाईंनाही ते फार लागलं. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात ते आलं आहे.

वरवर पाहता ही 1873 चीच पुनरावृत्ती: पुन्हा माघार, पुन्हा मान तुकवणं. मला तसं वाटत नाही. या वेळी रानडे पन्नाशीचे होते आणि वडिलांचा धाक नव्हता. बहिष्काराची झळ स्वतःला लागली असती तर ती सोसायची त्यांची तयारी होती. पण त्यांच्यासोबत अडकलेल्या मित्रांच्या घरी म्हातारे आईवडील झुरत होते, लेकीबाळींची माहेरं तुटत होती. चहाच्या एका पेल्यासाठी दुसऱ्यांच्या घरात एवढं दुःख लोटायचं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि आपल्या नावाला लागणारा डाग पत्करला. त्यांचं उत्तर चुकलं असेल. सार्वजनिक माणसाच्या माघारीने इतरांचं बळ खचतं, ही तक्रार खरीच आहे आणि मी ती फेटाळणार नाही. तरी हे उत्तर त्यांचं होतं. त्यांनी दोन मूल्यं तराजूत घातली, एकाची किंमत कमी पडली हे पाहिलं आणि ती किंमत दुसऱ्यावर न ढकलता स्वतः मोजली. 1873 मध्ये यातलं काहीच झालं नव्हतं.

अशा वेळी कोणी म्हणेल की विचार करत बसणारा माणूस अखेर काहीच करत नाही. ही शंका जुनी आहे. 1882 साली कोल्हापूरच्या बदनामी खटल्यापायी टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते, तेव्हा त्या 101 दिवसांत आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं भाषांतर केलं. ते 'विकारविलसित' नावाने पुढे छापलं गेलं. विचार करता करता कृती हातातून निसटणारा तो राजपुत्र मराठीत आणणारा माणूस स्वतः मात्र तसा नव्हता. आगरकरांनी मोठ्या पगाराच्या नोकरीवर विद्यार्थी असतानाच पाणी सोडलं होतं, 1888 मध्ये 'सुधारक' काढला, जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली पाहिली आणि लिहिणं सोडलं नाही. त्याच घरात यशोदाबाई आपली व्रतं आणि देवपूजा करत होत्या आणि आगरकरांनी त्यांना आडकाठी केली नाही. हे त्यांचं दुबळेपण आहे असं म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. मला त्यात त्यांच्या विचाराची सर्वात अवघड कसोटी दिसते: ज्या स्वातंत्र्यासाठी सगळ्या पुण्याशी भांडायचं, ते आपल्याशी न पटणाऱ्या बायकोलाही द्यायचं.

माणूस आपल्या कृतीचा धनी असतो का, या प्रश्नाची दुसरी बाजू मेंदूच्या अभ्यासकांनी पुढे आणली आहे. 1983 मध्ये बेंजामिन लिबेट या अमेरिकी शास्त्रज्ञाने काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाला सांगायचं की मनात येईल तेव्हा मनगट हलव, आणि हलवावंसं वाटलं तो क्षण समोरच्या घड्याळावर पाहून लक्षात ठेव. दिसलं असं की मेंदूतली तयारी हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू होते, आणि 'हलवावं' ही जाणीव त्यानंतर, हालचालीच्या सुमारे दोन दशांश सेकंद आधी येते. यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की निर्णय मेंदू घेतो आणि आपण मागाहून त्यावर आपलं नाव घालतो. लिबेट स्वतः इतका पुढे गेला नाही. उठलेली ऊर्मी शेवटच्या क्षणी रोखायला जाणिवेला थोडा अवकाश उरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मनगट केव्हा हलवावं याला कारण नसतं. आता हलवलं काय आणि दोन सेकंदांनी हलवलं काय. ज्या कृतीत कारणच नाही, तिच्यात विचाराचा वाटा शोधला तर तो सापडणार कसा? पार्वतीबाईंच्या निर्णयाला अर्धा सेकंद लागला नव्हता, वर्षं लागली होती. त्या वर्षांत त्या पडवीत कितीदा बसल्या असतील, आणि त्यांतल्या किती खेपांना मनात प्रश्न येऊन परत गेला असेल. विचार हा कृतीच्या आदल्या क्षणी बसवलेला पहारेकरी आहे, असं धरून चाललं की तो नेहमीच उशिरा आलेला दिसतो. त्याचं खरं काम दोन कृतींच्या मधल्या काळात चालतं. आज जे केलं ते का केलं, हे उद्याची वेळ येण्याआधी पाहून ठेवणं. आणि मग उद्याची ऊर्मी वेगळ्या मनातून उठते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेल्या गीतारहस्यात या प्रश्नाला एक अख्खं प्रकरण दिलं आहे, 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य'. कर्माची साखळी माणसाला जन्मापासून बांधून असेल तर त्याला मोकळीक कुठली, हाच तिथला पेच. आणि ज्या ग्रंथाचं ते रहस्य, त्यात अठरा अध्याय सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला आज्ञा करत नाही. सगळं नीट विचारात घे आणि मग तुला हवं ते कर, असं म्हणून बाजूला होतो. युद्धभूमीवर, दोन्ही सैन्यं खोळंबलेली असताना, एवढी उसंत एका माणसाच्या विचाराला दिलेली आहे.

केशवपनाच्या कथेत आणखी एक माणूस आहे, त्याला आपण बहुतेकदा विसरतो. तो म्हणजे ज्याच्या हातात वस्तरा आहे तो. पिढ्यान्‌पिढ्या त्याने हे काम केलं, बलुत्याचा भाग म्हणून, वरिष्ठ जातींच्या हुकमाने. त्याची निवड ती काय? तरीही 1890 मध्ये मुंबईत, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही. ही प्रथा त्यांच्या जातीची नव्हती, त्यांच्या धर्माज्ञेने आलेली नव्हती, आणि ते काम नाकारण्यात त्यांचं नुकसानच होतं. इतकं असून त्यांनी या क्रूर कामात आपला हात आहे हे मान्य केलं आणि तो मागे घेतला. 'मी फक्त सांगितलं ते केलं' ही जगातली सगळ्यात सोयीची सबब. ती वापरायचा सर्वात मोठा हक्क ज्यांना होता, त्यांनीच ती टाकून दिली. आपल्याकडच्या नैतिक धैर्याच्या इतिहासात या सभेला अजून तिच्या मानाची जागा मिळालेली नाही.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला: नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं आमच्या गावात बंद. राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्या वाटेने जायला सांगितलं. मला हा ठराव फार मोलाचा वाटतो, कारण एकटीने विचार करायला आणि त्याप्रमाणे वागायला लागणारी किंमत त्याने कमी केली. पार्वतीबाईंसारखं बळ प्रत्येकीने दाखवावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पण ठरावाने काम संपत नाही. गावाने परवानगी दिल्यावरही आरशासमोर उभी राहिलेली बाई एकटीच असते. कुंकू लावायचं की नाही, हे तिने ठरवायचं आहे. लावणार नाही असं तिने ठरवलं, आणि ते भीतीने नव्हे तर तिच्या स्वतःच्या दुःखाच्या रीतीने ठरवलं, तर ठरावाच्या उत्साहात तिला मागासलेली म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पार्वतीबाईंकडे पुन्हा वळताना हे म्हणावंच लागतं, कारण त्यांना बंडखोर नायिका करू पाहणाऱ्यांच्या हाती त्या पूर्णपणे लागत नाहीत. केस वाढवले म्हणून त्यांची बाकीची मतं पालटली नाहीत. पतिनिष्ठेचा जुना आदर्श त्यांनी शेवटपर्यंत मानला. बहिणीच्या संसाराकडे, मेहुण्याच्या कार्याकडे त्या आदराने पाहत, आणि तरी तो रस्ता आपला नाही हे सांगत. 1918 मध्ये, पन्नाशीला टेकल्यावर, इंग्रजी शिकायचं म्हणून त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, शाकाहार सोडला नाही, आणि परत येऊन पुन्हा हिंगण्याच्याच कामाला लागल्या. सनातन्यांना त्या भ्रष्ट वाटल्या असतील आणि सुधारकांना अर्धवट. त्यांच्या काही मतांशी माझंही जुळत नाही. विधवेने पुन्हा लग्न करण्याबद्दल त्या जेवढ्या साशंक होत्या तेवढं साशंक असायला मला कारण दिसत नाही. पण त्यांच्या प्रत्येक मताशी त्या स्वतः वाद घालून आलेल्या आहेत, हे त्यांचं लिहिणं वाचताना जाणवतं, आणि म्हणून त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो.